बडोद्यात वाजवणाऱ्यांसाठी: सिंगल-कॉइल पिकअप कसा निवडायचा

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष होत आलं की ‘पिकअप बदलू का?’ हा प्रश्न पडतोच. पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांची थरथर विजेत बदलून अँपकडे पाठवणारा भाग. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरं, आणि व्हिडिओ बघावेत तर प्रत्येक पिकअप ‘वॉर्म’ही असतो आणि ‘क्लिअर’ही. या विशेषणांवरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून बडोद्यातली मुलंमुली विचारायला आली की मी आधी एवढंच विचारतो: तू वाजवणार कुठे? मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून, दांडिया बाजारच्या गणपतीच्या मांडवात, की नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर? उत्तर मिळालं की निम्मी निवड तिथेच होते. सिंगल-कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा, तो मोकळा, टोकदार आवाज हवा असेल तर त्याच्या मागून येणारी घूंघूंही थोडीफार पत्करावी लागते, आणि ती किती पत्करायची हे जागेवर ठरतं.

स्ट्रॅट किंवा टेली (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर) धाटणीची गिटार आहे, पण ती आजवर कधी उघडून पाहिलेली नाही, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे.

आत काय असतं

मूळ गोष्टी दोनच: चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं आणि आपण शाळेत शिकलेलं हेच ते तत्त्व. नायलॉनच्या तारांवर हा पिकअप गप्प राहतो तो याचमुळे. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपवर साधारण साडेसात ते आठ हजार वेढे असतात आणि तार ४२ गेजची, म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमीटर, आपल्या केसाएवढी. ही जाडी लक्षात ठेवा. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्याल तेव्हा तिची आठवण हवी.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा पहिला मान हवाईयन गिटारकडे जातो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरने काढलेली ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवर घेऊन वाजवायची स्टील गिटार होती आणि तिच्या तारांभोवती नालाच्या आकाराची चुंबकं आणि खाली एकच वेटोळं होतं. तुमच्या घरी आजोबांची किंवा काकांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार कपाटावर पडून असेल तर खाली काढा. तिच्यावर बहुधा सिंगल-कॉइलच सापडेल, आणि तो चालू असेल तर ऐकण्यासारखा असेल.

पायरी १: आधी आहे त्या पिकअपची उंची लावा

‘आवाज पातळ आहे’, ‘आवाज टोचतो’, ‘जाड्या तारा घोगऱ्या वाजतात’ या तक्रारींपैकी निदान काही तरी पैसा न घालवता मिटतात. पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला की ते टोक वर-खाली होतं. दुकानातून आलेल्या गिटारवर ही उंची क्वचितच नीट लावलेली असते, तरी या स्क्रूंना नवशिके वर्षानुवर्षे हात लावत नाहीत.

आधी नव्या तारा चढवा, कारण मेलेल्या तारांवर कुठल्याच पिकअपचा न्याय करता येत नाही. मग जाडी ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पोलादी पट्टीने तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबाच्या, म्हणजे त्या तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल दांड्याच्या, माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅटच्या साध्या पिकअपसाठी फेंडर जे सुरुवातीचं माप देतं ते जाड्या तारेकडे सुमारे २.४ मिलिमीटर आणि पातळ तारेकडे २ मिलिमीटर. जोरकस चुंबकांच्या पिकअपला यापेक्षा थोडं जास्त अंतर लागतं.

हे माप फक्त सुरुवातीचं. आता अँप स्वच्छ आवाजावर ठेवा, नेक पिकअप (गिटारच्या मानेकडचा) निवडा आणि जाडी ई तार बाराव्या फ्रेटच्या वर दाबून छेडा. सूर एका जागी न राहता लहरत असेल, एकाच तारेतून दोन सूर भांडतायत असं वाटत असेल, तर पिकअप फार जवळ आलाय. चुंबक तारेला ओढून तिची थरथर बिघडवतोय. स्ट्रॅटवर तीन पिकअपमिळून अठरा चुंबकी खांब तारांखाली उभे असल्यामुळे हा त्रास तिथे जास्त जाणवतो. जाड्या बाजूचा स्क्रू पाव वळसा सोडा, पुन्हा ऐका, पुन्हा पाव वळसा. लहर थांबते ती जागा कानाला लगेच कळते, आणि बऱ्याचदा त्याच क्षणी ‘घोगरा’ वाटणारा आवाज मोकळा होतो. उलट आवाज दुबळा वाटत असेल तर पातळ तारेकडची बाजू तेवढ्याच सबुरीने वर घ्या. मग ब्रिज (तारा धडावर जिथे टेकतात तिकडचा) आणि नेकवर आळीपाळीने स्विच टाकून दोन्हीचा आवाज जवळपास सारखा करा. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून ब्रिजचा पिकअप नेकपेक्षा तारांच्या जवळ राहणारच.

या कामाला एक संध्याकाळ द्या, घाई करू नका. पुढे पिकअप बदललात तरी हेच करावं लागणार आहे.

केबलकडेही बघा. सिंगल-कॉइलच्या आवाजात वरच्या भागात एक उठाव असतो, आपण ज्याला चमक म्हणतो तो. केबलची विद्युत धारणक्षमता हा उठाव खाली ओढते. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरले तर ३ मीटरच्या केबलवर स्ट्रॅटचा उठाव ५ किलोहर्ट्झच्या आसपास राहतो आणि १० मीटरची केबल जोडली की तो ३ किलोहर्ट्झपाशी येतो. घरी लखलखीत वाजणारी गिटार स्टेजवर मंद का वाटते, त्याचं एक सरळ उत्तर हे. घरी आवाज टोचत असेल तर नवा पिकअप घेण्याआधी लांब केबल लावून बघा. स्टेजवर मंद वाटत असेल तर गिटारजवळ बफर (केबलचा भार पिकअपवर न येऊ देणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवा.

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा कमी-जास्त होणारा रोध, तोही तपासा. सिंगल-कॉइलला २५० किलोओहमचा पॉट घालायची रीत आहे आणि हंबकरला, म्हणजे घूं मारणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपला, ५०० चा. सिंगल-कॉइलवर ५०० चा बसवला तर आवाज जास्त चमकदार, कधीकधी कर्कश होतो. पॉटच्या मापात वीस टक्के मागेपुढे चालतं, म्हणून २५० लिहिलेला एखादा २०० भरतो, एखादा ३००. सारख्याच दोन गिटारी वेगळ्या वाजायला एवढा फरक पुरतो.

पायरी २: घूंघूं कुठून येते ते शोधा

वेटोळं तारेची थरथर पकडतं तसंच आजूबाजूच्या विजेचं क्षेत्रही पकडतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिची घूं आणि तिचा १०० हर्ट्झवरचा दुसरा स्वर दोन्ही पेटीच्या पांढरी पाचच्या अगदी जवळ पडतात. गाण्याची पट्टी वेगळी असेल तर हा बिनबोलावलेला सूर गाण्याच्या खाली सतत उभा राहतो, म्हणून तो इतका खुपतो. अमेरिकन व्हिडिओतली घूं ६० हर्ट्झची. तिच्यावरून आपल्या घरचा अंदाज बांधू नका.

व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तारांवर हात न ठेवता उभे राहा आणि स्वतःभोवती सावकाश एक गिरकी घ्या. एका दिशेला घूं जवळपास नाहीशी होईल आणि काटकोनात वळलात की पुन्हा वाढेल. असं झालं तर ती चुंबकीय घूं आहे, बहुधा अँपच्या किंवा ॲडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधून आलेली. अँपपासून चार पावलं लांब जा, ती उतरेल. वळून काही फरक पडला नाही, पण तारांना हात लावल्यावर करकर कमी झाली, तर तो दुसरा प्रकार: एलईडी दिवे, डिमर, मोबाइलचे चार्जर यांच्यातून येणारा विद्युत गोंगाट. हात लावल्यावर तो कमी होणं म्हणजे तारांची ग्राउंड वायर शाबूत आहे, घाबरायचं कारण नाही.

हा फरक खर्चाशी थेट जोडलेला आहे. गिटारच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवली तर दुसऱ्या प्रकारची करकर बरीच जाते, पहिल्या प्रकारची घूं जात नाही. तिच्यासाठी वेटोळ्याचीच रचना बदललेला पिकअप लागतो.

आता जागा. घरी सराव असेल तर खरा सिंगल-कॉइल बिनधास्त घ्या. घूं झालीच तर खुर्ची फिरवता येते, दिवा बंद करता येतो. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या एखाद्या जुन्या घरात वाजवत असाल तर आधी सॉकेट बघा. दोन-पिनांचा सॉकेट आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी कितीही महाग पिकअप आणला तरी करकर राहील. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेणं हा तिथला पहिला आणि सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

गणपतीच्या मांडवात गिटारची वायर, माइकच्या वायरी आणि रोषणाईच्या माळा एकाच बांबूवरून जातात. शक्य असेल तर आपली केबल दिव्यांच्या वायरीपासून वेगळी न्या, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. इथे पाच-पोझिशनच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा, म्हणजे मधला पिकअप शेजारच्या एकाबरोबर वाजतो ती, मदतीला येते. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असेल तर या दोन जागांवर दोन वेटोळी मिळून घूं मारतात आणि सिंगल-कॉइलचा तो पोकळ, काचेसारखा आवाजही मिळतो. सेट घेताना ‘मधला उलट ध्रुवाचा आहे ना?’ हे न विसरता विचारा. १९५० च्या दशकाच्या हुबेहूब नकलेत तो तसा नसतो, कारण तेव्हाच्या स्ट्रॅटला या जागाच नव्हत्या. फेंडरने पाच-पोझिशनचा स्विच १९७७ मध्ये रुळवला, त्याआधी तो तीनचा होता.

गरब्याचं स्टेज याहून कठीण. एलईडीची भिंत, डिमर, जनरेटर, आणि गिटार थेट मिक्सरमध्ये. तालाच्या दोन फेऱ्यांमधल्या शांततेत घूंघूं संपूर्ण मैदानाला ऐकू जाते. नऊ रात्री तिथे बसायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घूं नसलेला, एकावर एक दोन वेटोळ्यांचा पिकअप घ्या. तो सिंगल-कॉइलच्याच साच्यात बसतो. वरची चमक किंचित कमी होते, पण गरब्याच्या ढोल-ऑक्टोपॅडमध्ये तेवढी चमक तशीही ऐकू येत नाही. डिमॅर्झिओची ‘एरिया’ मालिका आणि फेंडरचे ‘नॉइजलेस’ याच जातीचे. सिंगल-कॉइलच्या आकारातले, दोन पात्यांचे पिकअपही मिळतात, उदाहरणार्थ सेमोर डंकनचा ‘हॉट रेल्स’. त्यांची घूं जाते, पण आवाज हंबकरकडे झुकतो. रॉक वाजवणाऱ्याला ते चालेल. स्ट्रॅटचा आवाज हवा असणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सुरक्षेची एक गोष्ट, आणि ती गंभीरपणे घ्या. मांडवात किंवा मैदानावर गिटारच्या तारा आणि माइक वेगवेगळ्या लाइनवर असतात. गिटार जोडल्यावर घरातला साधा लाइन टेस्टर तारांना लावून बघा, माइकच्या जाळीलाही लावा. दिवा लागला तर वाजवू नका, आधी लाइनवाल्याला बोलवा. आणि घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही ऐकू नका. त्या पिनेवर जीव अवलंबून असतो.

पायरी ३: चुंबक

अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको ५ जोरकस आणि टोकदार. स्ट्रॅटचा ओळखीचा आवाज याचाच. अल्निको २ आणि ३ मवाळ. जाड्या तारा जरा सैल आणि गोल लागतात, वरचा भाग टोचत नाही, तारेवर ओढही कमी. ब्लूज, गझलच्या साथीचे संथ तुकडे, नेक पिकअपवरचं एकल वादन यासाठी मला मवाळ चुंबक जास्त आवडतो.

स्वस्त गिटारींवर सिरॅमिक असतो. पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती पाटी) उचलून पिकअप उलटा करून बघा. खाली काळसर रंगाची चपटी पट्टी चिकटवलेली दिसली आणि खांब नुसते लोखंडाचे असले, तर तो सिरॅमिक. अल्निकोच्या पारंपरिक पिकअपमध्ये खांब हेच चुंबक असतात, खाली पट्टी नसते. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची, स्क्वायरची, ‘ॲफिनिटी’ मालिका सिरॅमिकवर येते आणि ‘क्लासिक वाइब’ अल्निकोवर. दोन्हींच्या आवाजातला बराच फरक इथूनच सुरू होतो. सिरॅमिक वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. भरपूर डिस्टॉर्शनमध्ये तो घट्ट राहतो. स्वच्छ आवाजात स्ट्रॅट ऐकायची असेल तेव्हाच अल्निकोकडे वळण्याला अर्थ आहे.

पायरी ४: वेढे, आणि मल्टिमीटरवरचा आकडा

वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, मधला भाग भरतो आणि वरची चमक उतरते. फेंडरचा ‘टेक्सस स्पेशल’ या वाटेने गेलेला. ब्रिजला जास्त वेढ्यांचा आणि नेकला कमी वेढ्यांचा पिकअप ही समजूतदार जोडी आहे, म्हणून सुटे तीन घेण्यापेक्षा एकमेकांना जुळवलेला सेट घ्या.

विक्रेते ‘६ के’, ‘७.५ के’ असे आकडे सांगतात. हा तारेचा रोध, किलोओहममध्ये. जुन्या धाटणीचा स्ट्रॅट पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा भरतो. आकडा मोठा म्हणजे पिकअप जोरकस, असं लोक धरून चालतात आणि फसतात. टेलीच्या नेक पिकअपला ४३ गेजची आणखी बारीक तार असते. तीत कमी वेढ्यांतही रोध वाढतो, आवाज मात्र वाढत नाही. आकड्यांची तुलना एकाच तारेच्या, एकाच चुंबकाच्या, एकाच आकाराच्या पिकअपमध्येच करा.

हा आकडा हवेनेही बदलतो, आणि बडोद्यात तो चांगलाच बदलतो. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. जानेवारीत २० अंशाला ६ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४० अंशाला जवळजवळ साडेसहा दाखवेल. म्हणून उन्हाळ्यात मागवलेला पिकअप मोजून ‘कंपनीने जास्त गुंडाळलाय’ किंवा हिवाळ्यात मोजून ‘कमी गुंडाळलाय’ असं म्हणत परत पाठवायची घाई करू नका. मल्टिमीटरचा खरा उपयोग वेटोळं तुटलेलं आहे का हे बघण्यापुरता. काटा किंवा आकडा काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटली आहे.

पायरी ५: जात आणि माप

सगळे सिंगल-कॉइल स्ट्रॅटसारखे नसतात. टेलीच्या ब्रिज पिकअपखाली लोखंडी पत्रा असतो. त्याने आवाजाला धार आणि भरीवपणा येतो. टेलीच्या नेकवर धातूचं झाकण असतं, त्यामुळे तो मऊ. गिब्सनचा पी-९० हा १९४६ चा. रुंद वेटोळं, साधारण दहा हजार वेढे, खाली दोन पट्टी-चुंबकं. आवाज जाड आणि उर्मट, घूंही तेवढीच. फेंडरच्या १९५८ च्या जॅझमास्टरचं वेटोळं चपटं आणि पसरट. पी-९० आणि जॅझमास्टर दोन्ही स्ट्रॅटच्या खाचेत मावत नाहीत, लाकूड कोरावं लागतं. नवशिक्याने ते करू नये.

खांबांतलं अंतर मोजा: पहिल्या ते सहाव्या खांबाच्या मध्यापर्यंत. ५२ मिलिमीटर हे जुन्या स्ट्रॅटचं माप. आशियाई गिटारींवर ५० आणि ४८ सुद्धा सापडतात. मिलिमीटरभराच्या फरकाने आवाज बिघडत नाही, पण झाकणाची भोकं जुळत नाहीत आणि पिकअप बसतच नाही.

खांबांची उंचीही बघा. जुन्या नकलांमध्ये खांब वर-खाली असतात आणि तिसऱ्या, म्हणजे जी तारेचा खांब सगळ्यात वर असतो. १९५० च्या दशकात जी तार गुंडाळीची, जाड येत असे आणि तिचा आवाज दबका असे, म्हणून तो उंच ठेवला. आज आपण साधी जी तार लावतो. परिणाम असा की कॉर्ड वाजवताना जी एकटीच किंचाळते. साध्या ०.००९ किंवा ०.०१० इंचाच्या तारांच्या सेटवर वाजवणाऱ्याने सपाट खांबांचा पिकअप मागावा, असं माझं मत आहे. जुनेपणाच्या आकर्षणापोटी वर-खाली खांब घेणाऱ्यांपैकी अनेकांना हा त्रास का होतोय हे कळतच नाही.

पायरी ६: ऐकणं आणि मागवणं

सुटे पिकअप बहुधा बाहेरून मागवावेच लागतात. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी धरून हिशेब करा. सेटची किंमत गिटारच्या निम्म्यावर जात असेल तर थांबा. त्या पैशात पुढची गिटार घेतलेली बरी.

मागवण्याआधी ज्याच्याकडे तो पिकअप आहे त्याची गिटार तुमच्या स्वतःच्या अँपवर ऐका. ऐकायला दुसऱ्या कोणाला तरी बसवा आणि त्याला पाठ फिरवायला सांगा. या बाबतीत बडोदेकर नशीबवान आहेत. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली आणि आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी त्याच परंपरेतून उभी राहिली. सुरसागर तलावाच्या काठावर तयार कानाचा एखादा तबलजी किंवा सतारिया मित्र सहज भेटतो. गिटारची एकही कंपनी माहीत नसलेला माणूस ‘हा आवाज पुढे येतो, तो मागे राहतो’ असं बिनचूक सांगतो. त्याच्या त्या वाक्यावर मी कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

पायरी ७: बसवणं

आधी आतल्या जोडणीचे मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढा. तारा सैल करा, अंगावर जुना टॉवेल टाका, पिकगार्डचे स्क्रू काढा. आधुनिक स्ट्रॅटवर ते अकरा असतात. पिकअपचे चुंबक स्क्रू ड्रायव्हरला झटकन ओढून घेतात आणि त्याचं टोक वेटोळ्यावर आपटलं तर ती केसाएवढी तार तुटते. दुसऱ्या हाताची बोटं कायम वेटोळ्याच्या कडेला धरून काम करा.

सोल्डरिंग आयर्न ४० वॅटच्या आसपासचं घ्या. २५ वॅटचं पॉटच्या पाठीवर तापतच नाही आणि तुम्ही ते तिथे मिनिटभर दाबून पॉट जाळून बसता. पॉटची पाठ आधी सँडपेपरने घासा, मग सोल्डर दोन-तीन सेकंदांत पकडतं. काम पंख्याखाली करू नका, जोड थंड पडतात; पण खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जायला नको.

फेंडरमध्ये पांढरी वायर सिग्नलची आणि काळी ग्राउंडची. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात, पाकिटातला कागद वाचा. जुने-नवे किंवा दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावलेत आणि दुसऱ्या-चौथ्या जागेवर आवाज नाकातला, हाडकुळा आला, तर एका पिकअपची फेज उलटी आहे, म्हणजे त्याचा सिग्नल दुसऱ्याच्या उलट चालतोय. त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. टेलीच्या नेक पिकअपला हे सरळ चालत नाही, कारण धातूचं झाकण ग्राउंड वायरला जोडलेलं असतं. आधी ती छोटी जोडवायर कापून झाकणाला स्वतंत्र ग्राउंड द्यावं लागतं. हे काम पहिल्या खेपेला जाणत्या माणसाकडून करून घ्या.

पिकगार्ड बंद करण्याआधी केबल जोडा आणि अँप हळू आवाजात ठेवून स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक खांबाला हलकेच टेकवा. स्विचच्या प्रत्येक जागेवर योग्य तोच पिकअप ‘टक’ असा बोलला पाहिजे. मग स्क्रू घट्ट करा, तारा सुरात आणा आणि पायरी १ मधली उंची पुन्हा पहिल्यापासून लावा. जास्त गेनवर नवा पिकअप शिटीसारखा किंचाळत असेल तर त्याच्या वेटोळ्यात मेण नीट भरलेलं नाही. तो घरी मेणात बुडवण्याच्या फंदात न पडता वॉरंटीत बदलून घ्या.

जुने पिकअप फेकू नका. गिटार विकताना मूळ पिकअप मागणारे पुष्कळ असतात. प्रत्येकाला ‘नेक’, ‘मधला’, ‘ब्रिज’ अशी चिठ्ठी लावा, वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि तोंडाला तोंड लावून एकत्र बांधू नका. समोरासमोर आलेले सारखे ध्रुव अल्निकोचा जोर हळूहळू कमी करतात.